पुण्यात गाडीची बॅटरी कोणाकडून बदलून घ्यावी? घरपोच सेवा, नाना पेठ, वर्कशॉप आणि कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन

पुण्यात गाडीची बॅटरी मरते एप्रिल-मेमध्ये, पण मालकाला ते कळतं डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्या उष्णतेत पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी गंजत जाते, ॲसिडमधलं पाणी उडतं. पण तेव्हा इंजिन ऑइल पातळ असतं, त्यामुळे अर्धमेली बॅटरीसुद्धा कसाबसा सेल्फ मारून देते. थंडीत उलटं होतं. ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त करंट लागतो आणि नेमका तेव्हाच तो देण्याची बॅटरीची ताकद घटलेली असते. दहा अंशांना बॅटरी पंचवीस अंशांच्या तुलनेत साधारण दहा-पंधरा टक्के कमी देते. चांगल्या बॅटरीला ही घट जाणवतही नाही. उन्हाळ्यात निम्मी झालेली बॅटरी मात्र तिथेच बसते.

म्हणून हा आढावा आत्ता, पावसाळा सरल्यावर आणि थंडी पडण्याआधी. पुण्यात बॅटरी बदलून घ्यायचे चार मार्ग आहेत: फोनवरून बोलावलेली घरपोच सेवा, नाना पेठेतली दुकानं, गाडीच्या कंपनीचं वर्कशॉप आणि आपल्या भागातला ऑटो इलेक्ट्रिशियन. चारही ठिकाणी बहुतेक त्याच त्या बॅटऱ्या मिळतात. एक्साइड, अमरॉन, एसएफ सोनिक, टाटा ग्रीन यांच्यात डावं-उजवं करण्यात लोक फार वेळ घालवतात. आमच्या मते ब्रँडपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: नंबर बरोबर आहे का, माल ताजा आहे का, आणि बसवणाऱ्याचा हात कसा आहे. या तिन्हींत चारही मार्गांमध्ये खूप फरक पडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पुण्याची थंडी म्हणजे लेहची थंडी नव्हे. शिवाजीनगरच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक १.७ अंश, तो १७ जानेवारी १९३५ चा. आजकाल कडाक्याची रात्र म्हणजे आठ-दहा अंश. तेही पाषाण, शिवाजीनगर, एनडीएच्या बाजूला. मगरपट्टा, वडगाव शेरी, चिंचवडला त्याच पहाटे चार-पाच अंश जास्त असतात. तेव्हा 'थंडी आली, तीन वर्षं झाली, बदलून टाका' एवढंच सांगून कोणी बॅटरी विकत असेल तर त्याला मोजून दाखवायला सांगा. वय हे फक्त तपासण्याचं कारण आहे. बदलायचं की नाही हे आकड्यांवरून ठरवायचं. काही बॅटऱ्या अडीच वर्षांत संपतात, काही पाच वर्षं काढतात. रोज हिंजवडी ते हडपसर धावणारी गाडी आणि कोथरूडमध्ये आठवड्यातून एकदा भाजीला निघणारी गाडी यांच्या बॅटऱ्यांचं आयुष्य सारखं कसं असेल? त्यातही दुसरीचीच लवकर जाते, कारण दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत सेल्फला खर्ची पडलेलं भरून निघत नाही.

बोलावण्याआधी घरी मोजा

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज घ्या. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर एक तर बॅटरी गेलीय किंवा काहीतरी तिला रात्रभर पितंय. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा खोटा दिसतो. तेव्हा दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. घरातल्या कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि मीटरकडे लक्ष ठेवा. व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरलं तर बॅटरीत दम राहिलेला नाही. सकाळी १२.५ दिसत असतं आणि सेल्फला साडेआठ होतं, अशा बॅटऱ्या पुष्कळ असतात. त्याच डिसेंबरात दगा देतात. मीटरला 'मिन' बटण असेल तर बरं, कारण साध्या मीटरचा आकडा मागे पडतो.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना, हेडलाइट आणि एसी लावून. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ठीक. १३.२ च्या आसपास अडकला असेल तर नवी बॅटरीसुद्धा चार महिन्यांत तशीच बसेल. १५ च्या वर जात असेल तर ती शिजून निघेल. एक सावधगिरी: अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचं चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असली की तो चार्जिंग मुद्दाम खाली आणतो, म्हणून एका क्षणी १२.८ दिसलं तर लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नका. सगळे लाइट लावून, गाडी जराशी रेस करून पुन्हा बघा.

सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका. तो बॅटरीतल्या सहापैकी एकाच सेलमध्ये, म्हणजे कप्प्यात, बसवलेला असतो. बाकीच्या पाचांपैकी एक मेलेला असला तरी डोळा हिरवाच दिसतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर इलेक्ट्रिशियनकडच्या हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल तपासून घ्या. एका सेलचं रीडिंग इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असेल तर तो सेल गेला. डिस्टिल्ड वॉटर घालून तो परत येत नाही.

हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा. समोरच्या दुकानदाराला किंवा फोनवरच्या माणसाला ते सांगितले की बोलणं एकदम बदलतं.

घरपोच सेवा: पाचपैकी साडेतीन

गाडी जागची हलत नाही, घरात म्हातारं माणूस आहे, सकाळी दवाखाना गाठायचाय, अशा वेळी या सेवेला पर्याय नाही. एक्साइडची 'बॅटमोबाइल' आहे, इतर कंपन्यांचे डीलर आहेत, शहरातले स्वतंत्र विक्रेतेही आहेत. पद्धत सगळीकडे एकच. मॉडेल, इंधन आणि वर्ष सांगायचं, भाव ऐकायचा, मुलगा दुचाकीवर बॅटरी घेऊन येतो, वीस मिनिटांत बसवतो आणि जुनी घेऊन जातो.

पहिली अडचण नंबरची. एकाच गाडीच्या पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) प्रकारांना वेगवेगळी बॅटरी लागते आणि फोनवर हे निसटतं. त्यामुळे मॉडेल सांगून थांबू नका. जुन्या बॅटरीचा वरून एक फोटो काढा, ज्यात दोन्ही टर्मिनल, अधिक-उणेच्या खुणा आणि लेबल दिसेल. तोच व्हॉट्सॲप करा. ३८बी२०एल सारख्या नंबरात 'बी' म्हणजे रुंदी-उंचीचा साचा, २० म्हणजे लांबी सेंटीमीटरमध्ये, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनलची बाजू. एल-आर उलटं आलं की वायर पोचत नाही आणि मग ती ओढून-ताणून लावली जाते. तेवढ्यासाठी परत पाठवायला संकोचू नका. बी साच्यात पातळ आणि जाड असे दोन्ही प्रकारचे खांब येतात. जाड खांबाची क्लिप पातळ खांबावर पत्र्याची पट्टी घालून आवळणं हा जुगाड तिथेच थांबवा. ढिली क्लिप तापते आणि सेल्फला करंट पोचत नाही. डिन (जर्मन मापाच्या) साच्यातली भानगड उंचीची: काही १७५ मिलिमीटर उंच असतात, काही १९०. पंधरा मिलिमीटर म्हणजे फार नाही असं वाटतं, पण वरची पट्टी किंवा झाकण बसत नाही.

दुसरी अडचण टेस्टरची. चांगला माणूस बॅटरीबरोबर छोटा कंडक्टन्स टेस्टर (बॅटरीची उरलेली ताकद मोजणारं यंत्र) आणतो. तो जुनी बॅटरी तपासतो, बसवल्यावर अल्टरनेटर तपासतो, काहींकडे छापील चिठ्ठीही मिळते. त्यावर लेबलवरचा सीसीए (थंडीत सेल्फला देता येणारा करंट) आणि प्रत्यक्ष मोजलेला सीसीए शेजारी-शेजारी येतात. पण बरेच जण फक्त पाना घेऊन येतात. बुक करतानाच विचारा: "टेस्टर आणणार का? बसवल्यावर चार्जिंग व्होल्टेज दाखवणार का?" 'गरज नसते' असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. फक्त बॅटरी बदलून जाणारा माणूस निम्मंच काम करतो.

तिसरी अडचण पुण्याच्या नव्या सोसायट्यांची. बाणेर, खराडी, हिंजवडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंज नसते. हल्ली बहुतेक कंपन्यांची वॉरंटी मोबाइलवर ओटीपी घेऊन नोंदवली जाते. खाली ओटीपी येत नाही, मुलगा 'वर जाऊन करतो, साहेब' म्हणतो आणि पुढच्या कॉलला निघतो. नोंद होतच नाही, आणि दोन वर्षांनी वॉरंटी मागायला गेल्यावर ती सापडत नाही. म्हणून नोंदणी आणि पैसे दोन्ही गेटपाशी वर येऊन, नोंदणीचा मेसेज आल्यावरच करा. बेसमेंटमध्ये उजेडही बेताचा असतो. स्वतःची टॉर्च खाली न्या. आणि त्या मुलाकडे हातमोजे नसतील तर घरातले द्या. ॲसिडने हात भाजतात आणि दिवसाला दहा-दहा बॅटऱ्या उचलणाऱ्या या मुलांची काळजी कोणी घेत नाही.

नाना पेठ: पाचपैकी चार, पण वेळ असेल तर

मध्य पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांचा बाजार म्हणजे नाना पेठ. एकाच गल्लीत चार ब्रँड, भाव तोंडावर विचारता येतो, जुन्या बॅटरीच्या पैशांवर घासाघीस करता येते. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बॅटरी हातात घेऊन बघता येते.

बघायचं काय? आधी तयार झाल्याचा महिना. तो लेबलवर किंवा प्लास्टिकवर ठोकलेल्या कोडमध्ये असतो. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, म्हणून दुकानदारालाच वाचून दाखवायला सांगा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. सहा महिने पडून असेल तर तिथेच मीटर लावा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा किंवा पूर्ण चार्ज करून द्यायला सांगा. नुसती पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत प्लेटवर सल्फेटचे कडक खडे धरतात. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते खरी, पण गेलेली ताकद वॉरंटी परत देत नाही.

गैरसोय सांगायलाच हवी: पार्किंग. गाडी घेऊन पेठेत शिरणं म्हणजे अर्धा दिवस. दुचाकीची बॅटरी घ्यायची असेल तर मात्र इथेच यावं, निवड सर्वांत जास्त इथेच आहे. कारची बॅटरी विकत घेऊन घरी न्यायची असेल तर ती उभीच न्या. आडवी पडली तर व्हेंटमधून ॲसिड गळतं आणि सीटचं कापड जळतं. ३५ एएच (ॲम्पिअर-अवर, म्हणजे साठवण्याची क्षमता) बॅटरीचं वजन नऊ-दहा किलो भरतं, डिझेल एसयूव्हीच्या बॅटरीचं त्याच्या दुपटीच्या आसपास. एका हाताने उचलायचा मोह नको.

भावाचा अंदाज, जुनी परत देऊन: छोट्या पेट्रोल गाडीची ३५ एएच साधारण चार ते सहा हजार, मोठ्या डिझेल गाडीची ६५ ते ७५ एएच आठ ते बारा हजार, स्कूटरची हजार ते दोन हजार. लेड-ॲसिड बॅटरीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. बिलात अजून २८ टक्के लावलेला दिसला तर तिथल्या तिथे बोला.

कंपनीचं वर्कशॉप: काही गाड्यांना दुसरा मार्गच नाही

सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर आधी बॉनेट उघडा. लेबलवर ईएफबी किंवा एजीएम लिहिलेलं असतं. हे अशा गाड्यांसाठीचे दणकट बॅटरीचे प्रकार. तिथे साधी बॅटरी बसते, गाडी चालूही होते, पण वारंवार सेल्फ मारण्याचा आणि झटपट चार्जिंगचा ताण तिला पेलत नाही आणि वर्ष-दीड वर्षात ती झिजते. ईएफबीच्या जागी एजीएम चालते. एजीएमच्या जागी ईएफबी लावू नये. ही महाग असते म्हणून 'साधी टाकून देतो, काही होत नाही' असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा काळा डबा आणि बारीक वायर असेल तर तो बॅटरी सेन्सर आहे. त्याच्यामुळे गाडीला बॅटरीचं वय 'माहीत' असतं. काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय कंपन्यांच्या, नवी बॅटरी स्कॅनर लावून नोंदवावी लागते. नाहीतर गाडी तिला जुनी समजून चार्ज करत राहते. सेन्सरची क्लिप हातोडीने ठोकू नये, पान्याने ओढून काढू नये. बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर तिला वायू बाहेर नेणारी नळी असते. नव्या बॅटरीला ती परत लावली का ते बघा. अशा गाड्यांसाठी वर्कशॉपला जास्त पैसे देणं आम्हाला पटतं. साध्या पेट्रोल हॅचबॅकसाठी पटत नाही.

ऑटो इलेक्ट्रिशियन: याला सगळ्यात जास्त मान

बॅटरी वर्षभरात दुसऱ्यांदा बसली असेल तर नवी बॅटरी घेऊ नका. आधी या माणसाकडे जा. दोष बहुतेकदा बॅटरीत नसून चोरट्या गळतीत, म्हणजे गाडी बंद असतानाही करंट खाणाऱ्या एखाद्या वस्तूत असतो, आणि ती शोधायचं काम घरपोच येणारा मुलगा करणार नाही.

गाडी बंद करून, दारं लॉक करून, सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपेपर्यंत अर्धा तास थांबायचं. मग निगेटिव्ह वायरवर डीसी क्लॅम्प मीटर लावायचा किंवा मल्टिमीटर सिरीजमध्ये टाकायचा. (मीटर सिरीजमध्ये असताना कोणी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडतो, म्हणून किल्ली खिशात.) ५० मिलिॲम्पिअरपर्यंत चालतं. तेवढ्यानेही दहा दिवसांत १२ एएच जातात, म्हणजे ३५ एएच बॅटरीचा तिसरा हिस्सा. दिवाळीला गाडी सोसायटीत ठेवून आठ-दहा दिवस गावी गेलेल्यांची गाडी परतल्यावर का उठत नाही, याचं उत्तर या गुणाकारात आहे. गळती २००-३०० मिलिॲम्पिअर असेल तर एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघायचं. बहुतेकदा गुन्हेगार निघतो नंतर बसवलेला स्टिरिओ, जीपीएस ट्रॅकर, किंवा पार्किंग मोडवर थेट जोडलेला डॅशकॅम. डॅशकॅमच्या किटला कट-ऑफ व्होल्टेजची कळ असते. ती ११.८ वर असते तेव्हा सकाळपर्यंत बॅटरी पार निपचित पडते; १२.२ किंवा १२.४ वर ठेवा.

नुसती उतरलेली, पण मेलेली नसलेली बॅटरी हाच माणूस रात्रभर चार्ज करून देतो. करंट एएचच्या दहाव्या भागाएवढा: ३५ एएच असेल तर साडेतीन ॲम्पिअर, दहा-बारा तास. तासाभरात 'फास्ट' चार्ज करून देणारा प्लेट तापवून बॅटरीचं आयुष्य खातो. चार्ज झाल्यावर रात्रभर ठेवून सकाळी १२.५ च्या वर टिकली, तर तुमचे पाच हजार वाचले.

बसवताना शेजारी उभे राहा

कोणीही बसवो, क्रम एकच. इंजिन बंद, किल्ली बाहेर, बटण-स्टार्ट असेल तर किल्ली गाडीपासून लांब. आधी निगेटिव्ह सोडायचा, बहुतेक गाड्यांत दहाचा पाना लागतो. मग पॉझिटिव्ह. मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी. आधी पॉझिटिव्ह सोडला आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. ठिणगी उडते, पाना लाल होतो, आणि चार्ज होताना साठलेला हायड्रोजन आसपास असेल तर बॅटरी फुटू शकते. बसवताना बरोबर उलटं: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

जुन्या क्लिपवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती तशीच नव्या बॅटरीवर चढवू देऊ नका. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ओता, फेस यायचा थांबेपर्यंत ब्रशने घासा, पुसून पूर्ण कोरडं करा. क्लिप आतून चकचकीत दिसली पाहिजे. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. आवळताना जोर नको, खांब शिशाचा असतो आणि शिसं मऊ असतं. हाताने फिरवून क्लिप हलली नाही म्हणजे पुरे. क्लिप चढत नाही म्हणून वरून हातोडी मारणारा दिसला तर थांबवा. त्या धक्क्याने खांबाचा आतला जोड तडकतो आणि बॅटरी सहा महिन्यांनी अचानक 'ओपन' होते. तेव्हा कारण कोणालाच सापडत नाही.

पट्टीकडे लक्ष द्या. ही सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट. बी साच्यात पट्टी वरून येते, डिनमध्ये तळाच्या कडेला पाचर बसते. नट हरवला, पाचर राहिली, 'घट्ट बसलीय, हलत नाही' म्हणून सोडून दिलं, की आपल्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर प्लेटमधला मसाला झडत राहतो आणि तळाशी साचून सेल शॉर्ट होतो. पॉझिटिव्हवरची लाल टोपीही परत लावून घ्या.

नंतर घड्याळ लावायचं, काचेचं वन-टच सेटिंग करायचं (काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवायचं). स्टिअरिंगचा दिवा लागला तर चाकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण फिरवली की बऱ्याच गाड्यांत तो जातो. आयडलिंग पहिल्या दिवशी थोडं वर-खाली होतं. त्याला घाबरू नका.

बिल, वॉरंटी आणि जुनी बॅटरी

डब्यावर ५५ महिने लिहिलं म्हणजे ५५ महिने फुकट बदलून मिळेल असं नाही. त्यातले सुरुवातीचे काही महिने फुकट बदलीचे, बाकीचे 'प्रो-राटा', म्हणजे जेवढी वापरली तेवढे पैसे कापून. पहिला आकडाच खरा आकडा समजा आणि दोन बॅटऱ्यांची तुलना त्यावरच करा. गाडी टॅक्सी म्हणून धावत असेल तर वॉरंटी सहसा कमी होते, ते आधी विचारा. नुसती उतरलेली बॅटरी वॉरंटीत बदलून मिळत नाही, चार्ज करून परत देतात. ते रास्तच आहे. बिलावर बॅटरीचा सीरियल नंबर, गाडीचा नंबर, तारीख आणि दुकानाचा शिक्का हवा.

जुन्या बॅटरीचे पैसे बिलात वेगळे दाखवायला सांगा. तिच्या वजनातलं निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणून तिला भाव आहे. चार पैसे जास्त मिळतात म्हणून रस्त्यावरच्या भंगारवाल्याला मात्र देऊ नका. उघड्यावर बॅटरी फोडून ॲसिड गटारात ओततात, शिसं चुलीवर वितळवतात, आणि त्याचा धूर तिथल्याच लेकरांच्या अंगात जातो. शिसं शरीरातून सहज निघत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि डीलरकडे दिलेली बॅटरीच त्या वाटेने जाते.

स्कूटर आणि इलेक्ट्रिक गाड्या

पुणं दुचाकीवर चालतं, तेव्हा हेही सांगायला हवं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर स्कूटरमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. त्यातला पेट्रोल पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी पार बसली की किक असूनही गाडी सुरू होत नाही, आणि बऱ्याच मॉडेलना किक नाहीच. पूर्वी दोन-तीन किका मारून काम भागायचं, ती सवय आता सोडायला हवी. हॉर्न दबका झाला, सेल्फ मारताना डिस्प्ले विझून परत लागला, की महिन्याभरात बॅटरी बघा. एएच आणि साचा जुन्यासारखाच घ्या. बदलताना टर्मिनलचा छोटा चौकोनी नट निसटून खाली पडतो आणि सापडत नाही. खाली फडकं अंथरून मगच स्क्रू सोडा.

इलेक्ट्रिक कारमध्येही एक १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही, दारंसुद्धा नीट उघडत नाहीत. तिचं वय कोणी मोजत नाही, म्हणून ती अचानक दगा देते. हे काम वर्कशॉपलाच करू द्या. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींच्या जवळ पाना नेऊ नका.

बुकिंग नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान करा. पहिली थंडीची लाट आल्यावर सकाळी सात ते दहा फोन लागत नाहीत, आणि घाईत जी मिळेल ती बॅटरी घ्यावी लागते. बसवून झाल्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख, रात्रभर उभी राहिल्यानंतरचं व्होल्टेज आणि सेल्फ मारतानाचं व्होल्टेज मार्करने लिहून ती बॅटरीच्या बाजूला चिकटवा. पुढच्या ऑक्टोबरात मीटर लावाल तेव्हा तुलनेला आकडा समोरच असेल.